मिलिंद, डावा स्पीकर निर्दोष होता

मिलिंद, तुझ्या खोलीत आता एकच स्पीकर शिल्लक आहे. उजवा. डाव्याचा पडदा बुटाच्या टाचेने आत गेला आहे आणि फाटलेल्या कागदाच्या चिंध्या भोकाच्या कडेने बाहेर आल्या आहेत. पंचनाम्यात त्याची नोंद ‘ध्वनिक्षेपक, नग एक, नादुरुस्त’ अशी आहे. तुझ्या डोक्याची नोंद दुसऱ्या कागदावर आहे. तुझ्या बायकोने, सुजाताने, तो कागद माझ्या हातात दिला आणि मी तो वाचला. छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हातातला कागद अर्धा वाचून खाली ठेवता येत नाही. कवटीचा डावा भाग, दोन ठिकाणी. माइकच्या स्टँडचा लोखंडी तळ दोन्ही जखमांशी जुळतो, असे त्यात लिहिले आहे.

रविवारी मोहन्याच्या विहारात तुझा जलदानविधी झाला. सगळे तुझ्याविषयी चांगले बोलले. तुझा मेहुणा म्हणाला, “भाऊजींनी कधी कुणावर आवाज चढवला नाही.” लोकांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. माझ्या सदऱ्याच्या खिशात नखाएवढे एक मेमरी कार्ड होते. त्यात तुझा चढलेला आवाज होता, आणि त्याच्याही पुढचे सगळे होते.

ते कार्ड कसे सापडले, ते आधी सांगतो. तुझ्या मारेकऱ्यांनी जाताना कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारी पेटी उपटून नेली. पोलिसांनी संगणक नेला. कपाटावर ठेवलेला छोटा रेकॉर्डर दोघांच्याही नजरेतून सुटला, कारण तो माझा होता आणि माझ्याच कामासाठी चालू राहत असे. खोलीत माणसे बसली की खोली बदलते. अंगावरचे कपडे आणि शरीरे आवाज पितात. किती पितात, हे मला मोजायचे होते. म्हणून चारपेक्षा जास्त माणसे आली की तू रेकॉर्डर लावायचास आणि रविवारी मी आलो की कार्ड माझ्या हातात ठेवायचास. “हा घ्या गृहपाठ,” म्हणायचास. शनिवारी पोलिसांनी गाळ्याचे सील काढले. सुजाताबरोबर मी आत गेलो आणि कपाटावर हात घातला.

त्या कार्डावर सगळे आहे. पण पहिला फटका तुझा आहे. सुजाताचे म्हणणे, तेवढा काढून मग कार्ड द्यावे. तपास अधिकारी सोमवारी भेटणार होते. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते, आणि आवाज कापण्याची विद्या तूच मला शिकवली होतीस.

सात वर्षांपूर्वी तू माझ्या डोंबिवलीच्या घराची बेल वाजवलीस. दारात दाढी राखलेला एक माणूस उभा. “सर, ओळखलंत का?”

“हजेरी क्रमांक सांग.”

“एकतीस.”

“मिलिंद. आत ये, चप्पल बाहेर.”

बसल्या बसल्या तू तक्रार मांडलीस, जणू मधली वर्षे नव्हतीच. “सर, माझी खोली खोटं बोलते.” शहाडहून मोहन्याला जाणाऱ्या रस्त्यावर तू एक गाळा घेऊन स्टुडिओ थाटला होतास. तुझ्या खोलीत गाणे उत्तम वाजायचे आणि तेच गाणे लोकांच्या गाडीत वाजले की काचा थरथरायच्या. नुसता धबधबा, शब्द गायब. मी दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी घेऊन आलो. भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले होते.

“हे काय?”

“साउंडप्रूफ, सर. सगळेच लावतात.”

“शेजारचे काय म्हणतात?”

“इस्त्रीवाले काका डझनाचा भाव विचारतात.”

मी ते सगळे काढायला लावले. तू रागावलास, कारण ते तू स्वतःच्या हाताने लावले होतेस. मी तुला वर्गात सांगावे तसे सांगितले: आवाज बाहेर जाऊ न देणे हे एक काम आहे आणि आत आदळून परतणारा आवाज शमवणे हे दुसरे. पहिल्याला जड भिंत लागते, दुसऱ्याला जाड, भुसभुशीत थर. अंड्याचा ट्रे दोन्हींना पुरत नाही. खोली चौदा फूट लांब होती आणि तुझी खुर्ची बरोबर मध्यावर. एका विशिष्ट खोल सुराची लाट या लांबीत अशी अडकते की तिचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त असतो आणि मध्यावर जवळजवळ शून्य. तू शून्यावर बसून खर्ज ऐकत होतास. ऐकू येत नाही म्हणून वाढवत होतास, आणि वाढलेला तो खर्ज लोकांच्या गाडीत जाऊन फुटत होता. मी खुर्ची पुढच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर सरकवली. तू तेच गाणे लावलेस, दोन कडवी ऐकलीस आणि म्हणालास, “आयला! सर, सॉरी. पण आयला!”

मग आपण कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर उभे केले. सुजाता भिंतीवरून आरसा सरकवायची; खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून पहिला परावर्तित आवाज कानात येतो, म्हणून तिथे खूण करून गादी लावायची. आतून दुसरी भिंत बांधली. दार इतके जड केले की ते ओढताना तुझी मुलगी त्याला लोंबकळायची. ती खोली खरी झाली, मिलिंद. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी शिकवल्या. खरी झालेली ती एकच.

आणि त्या खोलीला साजेशी एक पद्धत मी तुला घालून दिली. आधी कोरे ऐकायचे. गायकाने गायले की त्यावर काहीही न चढवता, न गोंजारता, त्याचा आवाज त्याला जसाच्या तसा, सगळ्यांसमोर ऐकवायचा. मी म्हणालो होतो, प्रगतिपुस्तक आधी मुलाच्या हातात द्यावे. तू ती पद्धत इमानाने पाळलीस. काही गायक रडले. बरेचसे सुधारले. एक बाई तुला म्हणाल्या होत्या, “मेल्या, आरशात इतकी वाईट मी कधी दिसले नाही,” आणि तीन वेळा गाऊन, खूश होऊन गेल्या होत्या.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. तू म्हणायचास, डावी बाजू दबलेली आहे. वरचे सूर, झांजा, शब्दांतला ‘स’, सगळे डावीकडून मंद येते. आपण दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवले. मंदपणा डावीकडेच राहिला. म्हणजे स्पीकर निर्दोष. मग तू डाव्या भिंतीवर संशय घेतलास, कारण तिच्यापलीकडे इस्त्रीचे दुकान आणि त्याची वाफ. मी मोजणीचा माइक तुझ्या डोक्याच्या जागी लावून दोन्ही बाजू मोजल्या. रेघेवर रेघ बसली. “माइकला सारखं येत असेल सर, मला नाही येत, त्याचं काय?” दर रविवारी हेच. कधी तू चिडून पेन फेकायचास, कधी मी छत्री उचलून निघून जायचो. आणि तुझ्या गाण्यांत डावीकडच्या झांजा नेहमी किंचित टोचायच्या, कारण तू त्या तुझ्या हिशेबाने उजळ करून ठेवायचास.

या वादाचा निकाल लावणारी एक परीक्षा होती. अगदी सोपी. खुर्ची उलटी फिरवायची आणि पाठमोरे बसून ऐकायचे. मंदपणा त्याच भिंतीकडे राहिला तर दोष खोलीचा. तो दुसऱ्या भिंतीकडे गेला तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा. मला ही परीक्षा पहिल्या दिवसापासून माहीत होती. सात वर्षे मी ती केली नाही. का केली नाही, ते पुढे येईल.

आता तो शुक्रवार, विधीच्या आधीच्या आठवड्यातला. कार्डावर तो तुझ्या आवाजाने सुरू होतो.

“सर, नमस्कार. दुपारचे तीन. खोलीत माझ्यासकट सहा माणसं. पंखा बंद, दार बंद. एक जण जाडा आहे, त्याला दीड धरा.”

मागे कुणीतरी हसतो. ज्याचे गाणे होते, त्याचे नाव मी लिहीत नाही. प्रकरण न्यायालयात जाणार आहे. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये तो राहतो आणि वाढदिवसाच्या मिरवणुकीत स्वतःच गायलेले गाणे त्याला वाजवायचे होते. बरोबर त्याचे चार मित्र होते.

“भाई, फुल वाजव.”

“आधी कोरं ऐकू, दादा. आपल्याकडे पद्धत आहे तशी.”

“पद्धत काय रे? तिकडच्या स्टुडिओत डायरेक्ट हिरो वाटलो मी.”

“तिथे वाटलात. इथे आहे ते ऐकू.”

हे वाक्य तुला सुचायला नको होते, मिलिंद. हे माझ्यासारखे वाक्य आहे.

तू गाणे लावलेस. पहिल्या अंतऱ्यात त्याचा सूर पायरी चुकल्यासारखा खाली घसरतो. त्याचा एक मित्र म्हणतो, “भाई, बोकड कापतायत काय रे?” दुसरा म्हणतो, “आवाज कमी कर, पोलीस येतील!” चौघे हसतात. तो हसत नाही.

“स्पीकर फाटलाय तुझा.”

“नाही, दादा.”

“मग खोली भंगार असंल.”

“खोली मोजलेली आहे. दर रविवारी मोजतो.”

“मग काय, मी बेसुरा?”

इथे तू थांबतोस. मी हा थांबा किती वेळा ऐकला ते सांगत नाही. इथे तुला ‘हो दादा, स्पीकरमध्येच काहीतरी गडबड आहे’ असे म्हणता आले असते. कुठल्याही दुकानदाराने म्हटले असते. तू आत्ता इस्त्रीवाल्या काकांशी चहा पीत बसला असतास. पण तू प्रगतिपुस्तक दिलेस. “अंतऱ्यात थोडं उतरताय. परत घेऊ ना. बसवतो मी, टेन्शन नको.”

मग लाथेचा आवाज येतो. पडदा फाटल्याचा. डावी बाजू मुकी होते आणि गाणे फक्त उजवीकडून चालू राहते. तू ओरडतोस, एक शिवी देतोस, आणि पाठोपाठ चापट. पूर्ण हाताची. खोलीत प्रतिध्वनी नसल्याने ती इतकी स्वच्छ उमटली आहे की माझी मान आपोआप वळली.

त्यानंतर जे आहे ते चार मिनिटे आहे. ते मी पूर्ण ऐकले. साध्या खोलीत हे आवाज एकमेकांत मिसळून नुसता गलका झाला असता. आपल्या खोलीत प्रत्येक फटका वेगळा राहतो. खालच्या सुराचा धप्प आवाज म्हणजे तुझी पाठ मागच्या लाकडी चौकटीवर आपटली. ती चौकट मी बसवली आहे, तिचा आवाज मला ओळखता येतो. बोथट, जवळचा आवाज म्हणजे बूट. कोरडा आणि आखूड आवाज म्हणजे स्टँडचा तळ. कुणीतरी म्हणतो, “बस कर, मरंल तो,” आणि दुसरा म्हणतो, “धर त्याला, धर.” मी एकोणीस मोजले. तुझा आवाज सातव्यापर्यंत आहे. त्यापुढे फक्त श्वास आहे, तो ओला आहे, आणि त्यावर त्याचे ते वाढदिवसाचे गाणे, कोरे, उजव्या स्पीकरमधून अचूक वाजत राहते. ते संपते, पुन्हा सुरू होते. जाताना ते त्यांनी बंदही केले नाही.

इस्त्रीवाले काका दहा फुटांवर होते. त्यांना काहीही ऐकू गेले नाही. विहारात ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “सर, बाजूला पोरगा मरत होता आणि मी लोकांच्या कॉलरी दाबत बसलो होतो.” मी त्यांना सांगितले की दोष त्यांच्या कानाचा नाही. ती जड भिंत आणि ते जड दार माझे आहे. दोन दिवस तू ठाण्याच्या रुग्णालयात यंत्रावर होतास. नंतर नव्हतास.

शनिवारी सुजाताने चापटीपर्यंत ऐकले आणि स्पीकरची तार उपटली.

“हे काढा, सर.”

“काय काढू?”

“ही चापट. तुम्हाला येतं. त्यानेच शिकवलंय.”

मी तिला कारणे सांगितली, क्रमाने. एक सेकंद जरी कापला तरी तो कापलेला कळतो. मग सगळीच फाइल संशयास्पद ठरते. याच फाइलीत त्या माणसाचा गाण्यातला आवाज आहे आणि मारताना शिव्या देणाराही आहे. दोन्ही एकाच गळ्याचे, हे सिद्ध करायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. तो अखंडच असला पाहिजे.

“सर, हा वर्ग नाहीये.” ती उभी राहिली. “उद्या सगळे म्हणतील, पहिला हात त्यानेच उचलला. पेपरात येईल. माझी पोरगी शाळेत जाते. तिला कोण काय सांगणार, अखंड फाइल?”

“सुजाता, खरं आहे ते...”

“एका चापटीने माणूस मरतो का?”

“नाही.”

“मग ती राहिली काय, गेली काय?” ती माझ्या अगदी समोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. “आणि खऱ्याचं एवढंच असेल ना, तर तुमची चापट कुठल्या फाइलीत आहे, सर?”

मी उपटलेली तार उचलून गुंडाळायला लागलो.

“तो हसत सांगायचा,” ती म्हणाली. “सरांचा हात बसला तेव्हापासून डावा कान अर्ध्या दिवसाच्या रजेवर. लग्न ठरतानासुद्धा सांगितलं होतं. म्हणाला, भांडायचं असेल तर डाव्या बाजूने भांड.”

मी विचारले, “मग इतकी वर्षं ती भिंत...”

“खुर्ची त्याने फिरवली होती. पहिल्याच वर्षी, तुम्ही गेल्यावर. मी म्हटलं, सांग ना सरांना. तर म्हणाला, सरांना माहीत आहे. बोलतील.”

हे वाचणाऱ्यांना आता ती गोष्ट सांगणे भाग आहे. आठवी ब चा वर्ग, तास विज्ञानाचा, धडा ध्वनीचा. मी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून मुलांना त्याचा सूर ऐकवत होतो. वर्ग खरोखर शांत होता. असे क्षण शिक्षकाला वर्षातून दोनतीनदाच मिळतात. दुसऱ्या बाकावरून शिट्टी आली. बाकावर दोघे होतात. मी नादकाटा टेबलावर ठेवला, बाकापाशी आलो आणि उजव्या हाताने, पूर्ण ताकदीने तुला मारले. समोर उभे राहून उजव्या हाताने मारले की फटका डाव्या बाजूला बसतो. तू बाकावरून खाली पडलास. उठलास, चड्डीची धूळ झटकलीस आणि म्हणालास, “सर, मी नाही.” मी म्हणालो, “बस खाली,” आणि धडा पुढे नेला. संध्याकाळी तुझ्या कानातून रक्तमिश्रित पाणी आले, हे मला अठ्ठावीस वर्षांनी, या शनिवारी कळले. पण हात फार जोरात पडला हे मला त्याच क्षणी कळले होते. तळवा दुपारपर्यंत झिणझिणत होता.

म्हणून मी खुर्ची फिरवली नाही. भिंत मोजली, स्पीकर मोजले, वाफ मोजली, बसलेल्या माणसांचे कपडेसुद्धा मोजले. जे मोजायचे नव्हते ते सोडून सगळे मोजले. आणि तू दर रविवारी मला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न घालत होतास. मला वाटायचे, तू हट्टी आहेस.

मला तुझा राग येतो, मिलिंद. तू हात का उचललास? एक स्पीकर होता. पुठ्ठा, लोहचुंबक आणि तांब्याची तार. तो बदलता आला असता. तुला बदलून कोण देणार? आणि मला त्यांचा इतका राग येतो की या वयात, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा मी, आंघोळ करताना त्या पाच जणांना त्याच स्टँडने मारत असतो. मोजून. एकोणीस. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या हाताला ते नवीन नाही.

रविवारी विधी संपल्यावर सुजाता आपण होऊन गाळ्यात आली. मुलीला तिने मावशीकडे ठेवले होते.

“चापटीच्या पुढे काय आहे?” तिने विचारले. “मारायला लागले, त्याच्या आधी. काही बोलला का तो?”

आदल्या दिवशी तिने तार उपटली होती. त्यामुळे तिला हे ठाऊक नव्हते. मी म्हणालो, “एक वाक्य आहे.”

“लावा.”

ती तुझ्या खुर्चीत बसली. मी उजव्या स्पीकरची तार जोडली. चापट आली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. चापटीनंतर एक श्वास जातो, एकच. मग तुझा आवाज येतो, खाली आलेला, स्वच्छ: “चुकलं माझं, दादा. हात उचलायला नको होता. बसा तुम्ही.”

मी तिथेच थांबवले.

“परत,” ती म्हणाली.

मी परत लावले. तिने तीनदा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकताना तिचे ओठ तुझ्याबरोबर हलत होते.

“हे त्यांनी ऐकलं?”

“हो. खोली लहान आहे. सगळ्यांनी ऐकलं.”

“ऐकून मारलं.”

“हो.”

ती उठून त्या फाटक्या पडद्यापाशी गेली. मग म्हणाली, “चापट काढली तर हे पण जाईल.”

“जाईल. माफी कशाची मागतोय, ते कळणार नाही.”

“मग काही काढू नका.” दारापाशी जाऊन ती वळली. “पोरीला मी सांगेन. मला जमेल.”

सोमवारी सकाळी मी आणि सुजाता पोलीस ठाण्यात गेलो. तपास अधिकारी तरुण होते, नीट वागले. मला खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांनी कानावर हेडफोन लावून सगळे ऐकले. एकदा मध्येच काढून टेबलावर ठेवले, घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा लावले. मग जबाब लिहायला घेतला.

“सर, ही पहिली चापट कुणाची?”

“मिलिंदची.”

“खात्री?”

“खात्री. नंतरची माफीही त्याचीच.”

“माफीचं लिहिलं मी.” त्यांनी ती ओळ मला वाचून दाखवली. बरोबर होती. मी म्हणालो, “आणखी एक नोंद घ्यावी अशी विनंती आहे,” आणि नादकाट्यापासून सांगायला सुरुवात केली. वर्ग, तुकडी, बाक, कान. त्यांनी पेन थांबवले. मी सांगायचा थांबलो नाही. सुजाता शेजारी बसून जमिनीकडे बघत होती.

“सर,” ते शेवटी म्हणाले, “याचा या गुन्ह्याशी काय संबंध?”

मी म्हणालो, कानाला दुखापत झाली, ती मी केली, आणि तिची नोंद कुठेच नाही.

ते हसले. वाईट हेतूने नाही, आदराने हसले. “अहो, आमचे मास्तर तर छडी तुटेस्तोवर मारायचे. म्हणून तर आज या खुर्चीत बसलोय. तुम्ही उगाच मनाला लावून घेता.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “इथे सही करा.”

मी सही केली. त्या जबाबात एका शब्दाची चूक नाही, आणि तो अपुरा आहे.

बाहेर आल्यावर सुजाता म्हणाली, “त्यांनी घेतलं नाही ना? मग तुम्ही लिहा. मुलगी मोठी झाली की वाचेल.” म्हणून राहिलेला भाग इथे लिहितो. क्षमा हा शब्द त्यात घालत नाही. जबाबात तो नसतो, घडले ते असते. शिट्टी तुम्हा दोघांपैकी कुणी वाजवली, हे मला माहीत नव्हते. मी विचारले नाही, तपासले नाही. तुझ्या शेजारच्या मुलाची आई आमच्याच शाळेत शिकवत होती आणि शिक्षकखोलीत माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत होती. तुझे वडील कारखान्यात पहिल्या पाळीला असत. मुलाला का मारले, असे विचारायला ते शाळेची पायरी चढणार नाहीत, हे मला हात उचलण्याआधी माहीत होते.